वाचनालयातला ‘सातवा थर’

मी एक कादंबरी बोलतेय. ‘सातवा थर’ हे माझं नाव. भडगावच्या वाचनालयात भिंतीलगतच्या कपाटात माझा मुक्काम असतो. माझ्याबद्दल गावानं इतकं बोलून घेतलंय, की एकदा मीही तोंड उघडावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यातला. कागद खरखरीत, मुखपृष्ठ भडक. माझ्या लेखकानं मला एका पावसाळ्यात लिहून हातावेगळं केलं. उत्खननाची जागा त्यानं कधी पाहिली नसावी, कारण माझ्यात कुणी कुठं थांबतच नाही. माझा नायक पुरातत्त्वाचा पंडित, पण सदा धावतो. मागं मारेकरी, पुढं भुयार. मधल्या एका पानावर त्याच्या वाटेत हाडांनी भरलेला रांजण येतो. रांजण लाथेनं फोडून तो पुढं निघतो. त्यासाठी लेखकानं अख्खं एक वाक्य खर्च केलंय, जास्त नाही. मलाही तेव्हा त्यात वावगं वाटलं नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या सुमाराला मी इथं आले. ग्रंथपाल लताबाईंनी मला खाकी कव्हर घातलं. मला पहिल्यांदा नेलं ते हिलालभाऊंनी. बसस्टँडजवळ त्यांचं शिवणाचं दुकान. मशीनवर मला उघडं ठेवून ते वाचत राहिले आणि लग्नघरचे सदरे तसेच बिनबाह्यांचे पडून राहिले. मग गिऱ्हाइकाला माप घेता घेता ते माझी गोष्ट सांगू लागले. रांजण फोडतो तो प्रसंग तर पाय आपटून करून दाखवायचे.

झालं, माझ्यासाठी लोक नंबर लावू लागले. कुणी बोट जिभेला लावून पानं उलटली, कुणी खुणेला एस.टी.चं तिकीट ठेवलं, कुणी शेवट आधी वाचून घेतला आणि सगळ्यांना सांगत सुटला. मला हे सारं आवडायचं.

जीवरामनानांना मात्र मी आवडले नाही. नाना अमळनेरला इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी मला शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि वाचनालयात येऊन सांगितलं, की हे उत्खनन नव्हे, ही पळापळ आहे. खरं खोदकाम ब्रशनं चालतं, हातभर मातीला एक हंगाम जातो. हिलालभाऊ म्हणाले, हातभर मातीची गोष्ट वाचणार कोण? तिथून गावात दोन तट पडले. चहाच्या टपरीवरसुद्धा लोक विचारायचे, तू कुणाकडून, नानांकडून की हिलालकडून?

शेवटी लताबाईंनी एका रविवारी संध्याकाळी चर्चाच ठेवली. मला टेबलावर मधोमध ठेवलं होतं. हिलालभाऊ उभे राहिले, चांगलं बोलले. वाचकाला घट्ट धरून ठेवणं हेही काम आहे, म्हणाले. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, की गिरणाकाठच्या पांढरीतही असंच काही निघेल. पांढरी म्हणजे जुन्या, ओस पडलेल्या गावाचं टेकाड. नाना हसले.

“हिलाल, तू आपला कपडे शीव. इतिहास आमच्याकडे राहू दे.”

सगळे हसले. हिलालभाऊ खाली बसले. त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पुन्हा घरी नेलं, आणि भर दुपारी पांढरीवर. त्यांचा दोस्त वना याचं शेत टेकाडाला लागून होतं. त्यानं टिकाव आणला होता. मी पिशवीत, बाभळीच्या फांदीला टांगलेली. बराच वेळ नुसती राखी माती निघाली. मग टिकाव कशावर तरी बसला आणि भांडं फुटल्याचा आवाज आला.

तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी होती. आत हाडं होती, इतकी बारीक की वनाला आधी कोंबडीचीच वाटली. मग हिलालभाऊंनी माती फुंकून एक कवटी हातात घेतली. ती त्यांच्या मुठीत मावली. शेजारी एक चिमुकली वाटी होती, दूधभातापुरती.

माझा नायक इथून पुढं धावला असता. हिलालभाऊ तिथंच बसून राहिले.

नानांना दाखवायचं म्हणून त्यांनी सारं धोतराच्या पानात बांधून घरी आणलं. कमलबाईंनी, त्यांच्या बायकोनं, गाठ सोडली. हे हजारो वर्षांपूर्वीचं आहे, असं हिलालभाऊ सांगू लागले.

“जुनं शे म्हनीसन काय झायं?” त्या म्हणाल्या. “कोनत्या तरी मायनं लेकरू शे. जठे व्हतं तठे ठेई या.” कुणा आईचं लेकरू, होतं तिथंच ठेवून या, असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी मला उचललं. नवऱ्याच्या तोंडून गावभर गाजलेला तो प्रसंग त्यांनी शोधला आणि मोठ्यानं वाचला. वाक्य संपलं तरी त्यांची नजर पानावरच होती, पुढं काहीतरी असेल म्हणून. पुढं नायक धावत होता. हिलालभाऊ भिंतीकडं बघत होते. मोठ्या अक्षरांत छापलेल्या माझ्या नावासकट मला कुठं तरी लपायचं होतं. कमलबाईंनी मला मिटलं, तेव्हा बरं वाटलं.

संध्याकाळी हिलालभाऊ गाठोडं घेऊन नानांच्या दारात उभे राहिले. नानांनी ती वाटी उचलून तळहातावर घेतली. म्हणाले, की त्या पांढरीवरून आपण जन्मभर जात-येत आलो, पण एकदाही कुणाला तिथं नेऊन दाखवलं नाही. रविवारी आपण बोललो ते बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी त्या दोघांनी आणि वनानं मिळून सारं होतं तिथं ठेवलं, वर माती ओढली. पुढं नानांनी कळवल्यावर धुळ्याहून जाणकार माणूस आला. त्यानं पाहणी केली, आणि सांगितलं की एकदा हलवल्यावर हे कुठल्या थरातलं, कुठल्या काळातलं, ते आता खात्रीनं सांगता येणार नाही. हिलालभाऊंनी मान वर केली नाही.

पुढच्या बैठकीत मला वाचनालयातून काढून टाका, असं म्हणणारे हिलालभाऊच होते. माझी बाजू कुणी घेतली? नानांनी. ते म्हणाले, “ती राहू द्या. तिच्यामुळे आपण त्या टेकाडाकडं वळलो. आजवर माझ्या शिकवण्यामुळे कुणी वळलं नव्हतं.” वाद पुष्कळ झाला, आणि लताबाईंनी मला पुन्हा कपाटात ठेवलं.

तेव्हापासून मला कुणी वाखाणलं की मी आतल्या आत ओशाळते. कुणी नावं ठेवली की वाटतं, खरंच बोलतोय. आता नव्वदचंही दशक निम्मं सरलंय. घरोघरी टीव्ही आलेत, माझी शिवण उसवलीये, मागणी फारशी नाही. वाचकहो, मला रद्दीत टाकू नका, एवढंच मागणं आहे. फक्त माझ्या नायकापेक्षा थोडं हळू चाला.

काल धुळ्याहून बदलून आलेल्या नर्स बेबाबाई मला खोलीवर घेऊन आल्या. या क्षणी त्या खाटेवर पाय दुमडून वाचतायत. स्टोव्हवर दूध चढलंय, उतू चाललंय, त्यांना पत्ता नाही. मला हाक मारता येत नाही. फार लाज वाटते. आणि तरीसुद्धा, खरं सांगते, त्यांनी पान उलटावं असंच वाटतंय.