बॅग तोलायचा काटा

शिंपीणबाईंनी रस्त्यावरच्या विक्रेत्याच्या बोलण्याला भुलून बॅग तोलायचा काटा घेतला, तेव्हा नवरा खो खो हसला होता. "आपल्याला काय विमानं पकडायचीत?"

महिन्याभरानं तो दोन दिवसांच्या कामासाठी परगावी निघाला. तो आंघोळीला गेल्यावर बाईंनी गंमत म्हणून त्याची बॅग काट्याला अडकवली. भरली तेवीस किलो! एवढं नेतोय तरी काय, म्हणून त्यांनी चेन उघडली. आत हिवाळ्याचे कपडे, सगळी प्रमाणपत्रं आणि त्याच्या आईचा फोटो होता.

तो केस पुसत बाहेर आला आणि थबकला.

"परत यायचंच नव्हतं ना तुम्हाला?"

"पत्र लिहिणार होतो," तो पुटपुटला.

"वीस वर्षांच्या संसाराचा असा केसानं गळा कापलात?" बाईंनी चेन लावली आणि बॅग स्वतःच दाराबाहेर नेऊन ठेवली.