तामारच्या वाचनाला साथ

पीबल्स सरांनी तामारच्या हातातलं पुस्तक अलगद मिटलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"चल, वर जाऊ."

"वर कशाला?" तामारने ओठ पुढे काढले. "वर गेल्यावर काय मला वाचता येणार आहे?"

"नाही आलं तर निदान ऊब मिळेल. हे तळघर म्हणजे बर्फाचा कारखाना आहे."

नेबो शाळा चर्चच्या तळघरात भरायची. शिकागोच्या त्या भागातली कोपऱ्यावरची दुकानं एकेक करून बंद पडली, पण शाळा सिस्टर मॅकरेंनी हट्टाने चालू ठेवली होती. सकाळी दार त्याच उघडायच्या, पोरांना गरम ओट्स त्याच वाढायच्या आणि एखादा निवृत्त माणूस दिसला की त्याला शिकवायलाही त्याच जुंपायच्या. पीबल्स असेच जुंपले गेले होते. आयुष्यभर त्यांनी वरच्या मजल्यावर, चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. मग बोटांचे सांधे सुजले, सूर उशिरा पडू लागले, तेव्हा कुणी म्हणायच्या आत त्यांनी आपली जागा एका तरुण वादकाला दिली. त्यानंतर ते ऑर्गनच्या बाकावर बसले नव्हते. आठवड्यातून एकदा तळघरात यायचे आणि मुलांचं वाचन ऐकायचे.

तामारचं वाचन ऐकणं सोपं नव्हतं. ती शब्दापाशी यायची आणि थबकायची. मागून क्विंटन कुजबुजायचा, "बस बंद पडली रे, उतरा सगळे." आणि आता शुक्रवारच्या प्रार्थनेत अख्ख्या शाळेपुढे मोशेने समुद्र दुभंगून लोकांना पार नेल्याचा बायबलमधला शास्त्रपाठ वाचायची पाळी तिची होती. याआधी पाळी आली की तिच्या पोटात दुखायचं आणि ती घरीच राहायची.

"या खेपेलाही दुखलं, तर ते कायमचंच दुखेल, ब्रदर पीबल्स," पुरुषांना चर्चच्या रीतीने ब्रदर म्हणणाऱ्या सिस्टर मॅकरे म्हणाल्या होत्या.

वर आल्यावर ऑर्गनवरचं कापड काढताना पीबल्सचा हात क्षणभर रेंगाळला. मग ते बसले.

"रविवारी पास्टर मधेच थांबतात, तेव्हा तू हसतेस?"

"नाही. ते काय अडकतात थोडेच?" तामारने जरा विचार केला. "तेव्हा ऑर्गन वाजतो. आणि पुढच्या बाकावरच्या आज्या म्हणतात, सावकाश होऊ दे, बाळा."

"पुढचा शब्द त्यांना दर वेळी ठाऊक असतो, असं वाटतं तुला?"

"नसतो?"

"मी त्यांच्या पाठीशी बसायचो, पोरी. कॉलर घामाने भिजलेली दिसायची. कैकदा ते अगदी रिकामे असायचे. मी खाली दोन सूर ठेवायचो. त्यावर पाय रोवून ते पुढचा शब्द शोधायचे, आणि लोकांना वाटायचं, देवाचाच श्वास थांबलाय. तिथूनच तर बोलण्याचं गाणं व्हायचं. आता वाच."

तिने वाचायला घेतलं. फारो राजाच्या नावापाशी ती थबकली. ऑर्गनमधून एक खोल सूर उठला. तामार दचकली. सुराने घाई केली नाही, तो नुसता तिच्या पायाखाली पसरून राहिला. शब्द सापडला.

त्या आठवड्यात पीबल्स रोज आले.

"मला वाचता येत नाहीये, सर. नुसतं वाजतंय छान."

"कित्येक प्रवचनांचंही तेच असतं. पास्टरना सांगू नकोस."

शुक्रवारी तामार आली. पांढरे मोजे, वेण्यांत नवे मणी आणि चेहरा पडलेला. पुढच्या बाकावर चर्चमधल्या आज्या पंखे घेऊन बसल्या होत्या. सिस्टर मॅकरे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, हात घट्ट बांधून.

पहिल्याच ओळीत ती थांबली. पीबल्सनी सूर ठेवला.

"सावकाश होऊ दे, बाळा," एक आजी म्हणाली.

शब्द आला. पुढचाही आला. दर थांब्याला खालून सूर भरत गेला, बाकांवरून हुंकार येऊ लागले आणि मोशेने हात उगारला तिथे तामारचा आवाज वर चढला. बोलणं कुठे संपलं आणि चाल कुठे लागली, ते कुणाला कळलं नाही. क्विंटनचा पाय ठेका धरत होता. पीबल्सना वाटलं, पास्टरसुद्धा इतके सरळ सुरांच्या या चढावर गेले नव्हते कधी.

लोक पाण्यातून चालू लागले, आणि ती थांबली.

पीबल्सनी हात उचलला, तो उचललेलाच राहिला. अंगठा आखडला होता. सूर पडला नाही. त्यांच्या कपाळाला घाम फुटला. पोरीला नेमकं मधोमध सोडलं आपण.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचं बोट पुस्तकात होतं, 'समुद्र' या शब्दाखाली. हाच शब्द मघापासून तिने कितीदा न अडखळता वाचला होता. मग त्यांच्या ध्यानात आलं, मागच्या थांब्यालाही पुढचा शब्द नुसता 'पाणी' होता. आणि तिथेही त्यांचाच हात उशिरा पोचला होता.

तामार पुस्तकात पाहतच नव्हती. ती त्यांच्या हातांकडे पाहत सुराची वाट बघत थांबली होती. मग ती माइककडे झुकली.

"सावकाश होऊ द्या, सर."

पुढच्या बाकावरचे पंखे थांबले. कुणीतरी हलकेच "आमेन" म्हणालं. पीबल्सनी डाव्या हाताने आखडलेला अंगठा चोळून मोकळा केला आणि सूर ठेवला.

तामारने तो पुरता भरू दिला. मगच ती समुद्रात उतरली.