हात धुऊन माझ्या मागे

आवाज कुठून येतोय म्हणून इकडेतिकडे बघू नका. शटरच्या आत शिरलात की उजव्या हाताला, गॅसच्या उंच सिलिंडरला खेटून जी निळी पेटी बसलीय ना, ती मी. वेल्डिंगची मशीन. कागदोपत्री माझं नाव टिग. कारखान्यात मला सगळे आर्गन म्हणतात, आणि काम बिघडलं की जे म्हणतात ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

साध्या वेल्डिंगची मशीन तुम्ही रस्त्याच्या कडेला पाहिली असेल. ठिणग्या उडवते, धूर काढते, गंजक्या लोखंडालाही नाही म्हणत नाही. आमच्या घराण्यात तसलं चालत नाही. माझ्या टॉर्चच्या, म्हणजे वेल्डर हातात धरतो त्या दांडीच्या, टोकाला टंगस्टनची अणकुचीदार सुई असते. तिच्यातून झोत निघतो, त्याच्याखाली पत्रा वितळून मधाच्या थेंबाएवढं तळं होतं, आणि त्या तळ्यात वेल्डर दुसऱ्या हातानं बारीक तार टेकवत टेकवत पुढे सरकतो. त्या तारेला रॉड म्हणतात. या सगळ्यावर आर्गन गॅसची छत्री धरलेली असते. त्या छत्रीत वारा घुसला, धूळ शिरली, तेलकट बोट लागलं, की जोड काळा पडतो आणि त्यात बारीक भोकं उठतात. लोक म्हणतात, आर्गन फार नखरेल. म्हणोत बापडे. मला घाण सोसत नाही, एवढंच.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. या टोकाला रिकामी पेटी होती, त्या टोकाला पोहोचेपर्यंत मी झाले. शेवटच्या खुर्चीवरच्या बाईंनी माझी सगळी बटणं फिरवून पाहिली, पाठवणीला कुंकू लावावं तसं कपाळावर स्टिकर चिकटवलं आणि मला खोक्यात घातलं.

पहिला मालक रेलिंग बनवणारा होता. त्यानं मला हौसेनं आणलं आणि उघड्या अंगणात, भर वाऱ्यात कामाला लावलं. गॅसची छत्री उडून जायची आणि जोडाची चाळण व्हायची. त्याची हौस लवकर फिटली. मग त्यानं माझ्या डोक्यावर जेवणाचा डबा ठेवायला सुरुवात केली. डब्यावर टोपी. मशीनच्या जातीला याहून मोठा अपमान नाही.

तिथून मला आत्ताच्या मालकांनी सोडवलं. हे स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवतात. माणूस कामाला वाघ, पण घरात मांजर. घरात म्हणजे थोरल्या बहिणीपुढे. तिला मीही ताईच म्हणते. ताईंचे यजमान ज्या मोठ्या कारखान्यात वेल्डर होते तो बंद पडला, तेव्हा ताईंनी भावाला फोन करून सांगितलं, उद्यापासून हे तुझ्याकडे येतील. विचारलं नाही, सांगितलं.

तर असे भाऊजी माझ्या आयुष्यात आले. मला त्यांच्याबद्दल विचाराल तर मी पक्षपाती आहे. त्यांनी टॉर्च हातात घेतली की माझ्या अंगातली वीजसुद्धा शिस्तीत चालायची. त्यांचा जोड म्हणजे माशाच्या पाठीवरच्या खवल्यांची रांग. मालक त्यावरून बोट फिरवत आणि काहीच न बोलता दुसऱ्या कामाला जात. मालकांकडून कौतुक व्हायचं ते एवढंच, आणि भाऊजींना ते पुरायचं.

मग दूध डेअरीच्या मोठ्या टाकीचं काम आलं. दुधाच्या टाकीच्या जोडात सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी त्यात दूध अडकतं, नासतं, आणि टाकीभर दूध वाया जातं. म्हणून डेअरीच्या तपासणीच्या बाई स्वतः टाकीत उतरून, बॅटरी मारून एकेक जोड बघतात. हे काम नीट झालं तर डेअरीच्या पुढच्या सगळ्या टाक्या आपल्याकडे येणार होत्या. मालक त्या आठवड्यात शीळ घालत फिरत होते.

आणि नेमके तेव्हाच जोड काळे पडायला लागले.

पहिल्या दिवशी भाऊजींना वाटलं, वाऱ्याचा खेळ आहे. पंखा बंद झाला, शटर अर्ध्यावर आलं, सगळे घामानं निथळले. जोड काळाच. मग गॅसवर संशय आला. सिलिंडर बदलला. नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते मालक नाक लावून बघत बसले. एकही आला नाही, नाकाला मात्र फेस लागला. माझी सुई घासून नवी केली. लोखंडावर वापरलेला तारेचा ब्रश स्टीलवर तर कुणी फिरवत नाही ना, म्हणून जुने ब्रश फेकून नवे आणले आणि त्यांना लाल फीत बांधली. पत्रा पुसला, रॉड नवे उघडले. प्रत्येक उपायानंतर सगळे माझ्याभोवती जमायचे, झोत बाधू नये म्हणून काळी काच डोळ्यांवर घ्यायचे, आणि काच वर केली की कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. सगळे अगदी हात धुऊन माझ्या मागे लागले होते.

गंमत अशी की सकाळचं काम वाईट आणि जेवणाच्या आधीचं बरं. जेवणानंतर पुन्हा वाईट, कारखाना बंद होता होता पुन्हा बरं. मालकांनी यावरून निष्कर्ष काढला की मशीनला झोपेतून जागं व्हायला वेळ लागतो. तेव्हापासून मला काम नसताना नुसतंच चालू ठेवायला लागले. मी रिकामी गुणगुणत बसायचे. मला कारण ठाऊक होतं. रॉड तळ्यात टेकला की मला त्याची चव कळते, आणि ती चव तेलाची होती. पण आम्हा मशीनना सांगायची सोय नसते. आम्ही फार तर फुरफुरतो. मी फुरफुरले, तर मालकांनी माझ्या बरगडीत लाथ घातली.

आता तुम्ही म्हणाल, मालकांना वेल्डरवर संशय कसा आला नाही. आला होता. पण बहिणीच्या नवऱ्याला, तेही ताईंच्या नवऱ्याला, तुमचा हात बिघडलाय असं तोंडावर कोण सांगणार? म्हणून ते सगळं मला ऐकवायचे. लेकी बोले सुने लागे, त्यातली लेक मी. "वय झालं हिचं," असं माझ्याकडे बघून म्हणायचे, "पूर्वीसारखी राहिली नाही आता." पलीकडे भाऊजी मान खाली घालून पत्रा पुसत राहायचे.

शेवटी मशीन दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं आधी पत्र्याच्या तुकड्यावर एक जोड स्वतः मारून पाहिला. आरशासारखा निघाला. त्यानं तो उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. मग दोष एकतर..." एवढ्यात मालकांना जोराचा खोकला आला. त्यांनी त्याला दंडाला धरून चहाला नेलं. परत आल्यावर दुरुस्तीवाल्यानं गंभीर चेहऱ्यानं माझं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, एक स्क्रू काढून तोच पुन्हा बसवला आणि जाहीर केलं की हिच्या पोटात दोष होता, आता काढलाय.

नसलेल्या आजाराचं ऑपरेशन माझ्यावर झालं. मी एका घरची अब्रू राखतेय असं मनाशी म्हणून गप्प राहिले. पण भाऊजी काही दूधखुळे नव्हते. तो आरशासारखा तुकडा त्यांनी हळूच खिशात घातला, ते मी पाहिलं.

तपासणीच्या बाई आल्या. टाकीत उतरल्या, बराच वेळ आतून नुसता खडूचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा टाकीभर पांढरे गोल होते आणि प्रत्येक गोलात एक भोक. त्या आरडाओरड करणाऱ्या नव्हत्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा येते म्हणाल्या, आणि तेव्हाही असंच असेल तर टाकी दुसरीकडे करून घेऊ.

दुपारी सगळे जेवायला बसले, भाऊजी डबा न उघडता माझ्यापाशी येऊन बसले. खिशातला तुकडा काढला, आपल्या जोडाशेजारी ठेवला आणि दोन्हींकडे बघत राहिले.

"हात गेला माझा," ते म्हणाले. "तुझी काही चूक नाही."

आयुष्यात मला कुणी निर्दोष ठरवलं ते असं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मालकांनी हताश होऊन ताईंना फोन केला. ताई तासाभरात हजर. मालकांनी त्यांना काचेच्या केबिनमध्ये नेलं, दार लावलं, पण वरची खिडकी उघडीच होती. मालक कुजबुजत होते, ताई कुजबुजत नव्हत्या. त्यांचं म्हणणं, मालक तू आहेस तर तू सांग. मालकांचं म्हणणं, नवरा तुझा आहे तर तू सांग. असं बराच वेळ चाललं. मग केबिनचं दार बाहेरून उघडलं आणि भाऊजी आत गेले. त्यांनी हातमोजे काढले, टेबलावर ठेवले.

"शेठ, तुला बोलायला जड जातंय ते मला कळतंय," ते म्हणाले. मेहुण्याला ते चेष्टेनं शेठ म्हणायचे. त्या दिवशी आवाजात चेष्टा नव्हती. "मी उद्यापासून येत नाही. डेअरीच्या टाकीवर दुसरा माणूस घे."

ताईंनी हातमोजे उचलून परत त्यांच्या हातात कोंबायला घेतले आणि मध्येच थांबल्या. बोटं एकमेकांवर चोळली. मोजा नाकाशी नेला.

"अहो, हे मलम माझ्या कपाटातलं आहे," त्या म्हणाल्या. "डबी रोज खाली जातेय म्हणून मी लेकीला बोल लावतेय."

भाऊजी शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. नात सगळ्यांकडे जायची, भाऊजींनी घेतली की टाहो फोडायची. एकदा तिच्या गालावर ओरखडा दिसला. इतकी वर्षं पत्रा हाताळून आपल्या तळहातांची खडबडीत साल झालीय, त्या सालीनंच तो ओरखडा काढला असणार, असं त्यांनी मनाशी धरलं. कुणाला सांगायची लाज वाटली. म्हणून सकाळी निघताना आणि जेवणानंतर हाताला मलम चोपडायचं आणि वर हातमोजे चढवायचे, म्हणजे ते चांगलं मुरेल. मुरलं खरं. पातळ चामड्यातून झिरपून रॉडला लागलं, पुसून ठेवलेल्या पत्र्याला लागलं, आणि तिथून माझ्या तळ्यात.

मग मालक खुर्चीत बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते पाणी नक्की कशाचं, हे मला काचेतून कळलं नाही.

इतके दिवस सगळे हात धुऊन माझ्या मागे लागले होते, आणि खरोखरचे हात एकानंही धुतले नव्हते.

ताईंनी भाऊजींना नळापाशी उभं करून स्वतः साबण लावला, कोपरापर्यंत. नवे हातमोजे आले, रॉड द्रावणानं पुसले गेले. भाऊजींनी टॉर्च उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मी मनातच म्हटलं, या, घाबरू नका. झोत लागला, तळं झालं, रॉड टेकला. स्वच्छ चव. काच वर झाली तेव्हा पत्र्यावर खवल्यांची रांग होती, आणि मालकांनी तिच्यावर बोट फिरवून पोळून घेतलं.

खडूचे सगळे गोल खोदून काढले आणि जोड नव्यानं भरले. तपासणीच्या बाई पुन्हा उतरल्या, या वेळी खडू वाजला नाही. वर येऊन "चालेल" म्हणाल्या. मालकांच्या मते त्या घरीदेखील याहून जास्त बोलत नसाव्यात.

टाकी गेल्यावर ताई लेकीला आणि नातीला घेऊन कारखाना दाखवायला आल्या. माझ्या आवाजाला बाळ दचकेल म्हणून मालकांनी मला बंद केलं. भाऊजींनी आता मलम रात्रीच लावायचं, ते ताईंच्या हातून, असं ठरलं होतं, आणि त्यांचे तळहात बरेच मऊ झाले होते. त्यांनी पुन्हा एकदा साबणानं हात धुतले, श्वास रोखला आणि नातीला घेतलं.

तिनं असा टाहो फोडला की शटर वाजलं.

भाऊजींचा चेहरा बघवेना. तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, ती तुमच्या हातांना नाही हो घाबरत. तुमच्या मिशीला घाबरते." आणि गालावरचा ओरखडा? तो तिनं स्वतःच्या नखानं काढला होता. नखं कापायची राहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी शटरमधून एक गुळगुळीत ओठांचा अनोळखी माणूस आत आला आणि सरळ माझ्याकडे निघाला. मालकांनी त्याला दारातच अडवलं, कोण पाहिजे म्हणून विचारलं. तो "शेठ" म्हणाला तेव्हा कुठे ओळख पटली. नात आता त्यांच्या मांडीवर झोपते, असं ऐकते.

माझं म्हणाल तर ठीक चाललंय. माझ्या एका बटणाची टोपी हरवलीय, तिथे बाटलीचं बूच बसवलंय. टॉर्चच्या केबलला दोन ठिकाणी टेप आहे. डेअरीच्या आणखी टाक्या आल्यात. मला लाथ घालायचं बंद झालेलं नाही, कमी झालंय. माझं मागणं फार मोठं नाही. काम बिघडलं तर मला जरूर तपासा, पण बाजूला उभ्या माणसालाही एकदा सरळ विचारा, तुझं काय चाललंय म्हणून. त्याला माझ्यासारखं नुसतं फुरफुरावं लागत नाही, तो सांगू शकतो.

बरं, आता गप्पा पुरे. भाऊजींनी हात पुसलेत आणि टॉर्च उचललीय. तुमच्याकडे काच नाही. तेव्हा मान वळवा, आणि माझ्याकडे बघू नका.