पोरी उजवून होईपर्यंत

सकाळी शटर वर गेलं तेव्हा टेलर मास्तरांच्या दुकानात रोजच्यासारखंच चाललं होतं. मास्तर गळ्यात टेप अडकवून एका गिऱ्हाइकाच्या पोटाचं माप घेत होते आणि गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं होतं.

"श्वास सोडा हो. कोट तुम्हाला घालायचाय, फोटोला नाही," मास्तर म्हणाले.

पडद्याआड मास्तरांची मुलगी काजं करत बसली होती. तिच्या शेजारी, कापायच्या टेबलावर ओणवा होऊन, थोरला भाऊ अस्तरावर खडूची रेघ मारत होता. रेघ सरळ होती. लढाईवरून आला तेव्हा ह्याच हाताला पाण्याचा पेला धरवत नव्हता, म्हणून आई मधूनमधून स्वयंपाकघरातून डोकावून त्या रेघेकडे बघून जायची. दुसरं काही काम नसायचं तिचं तिथं.

मास्तर गिऱ्हाइकांना सांगत, "पायाला लागलं होतं पोराच्या. इस्पितळात होता इतके दिवस." पाय धडधाकट होता. पोरगा शत्रूच्या कैदेत होता.

आता इथं थोडं सांगायला हवं. ह्या गावात लढाईत मेला त्याचा फोटो बाहेरच्या खोलीत लागतो. जखमी झाला त्याला समारंभात पुढची खुर्ची मिळते. आणि पकडला गेला त्याला घरातली मागची खोली. असा हुकूम कुणी काढलेला नाही, पण घराघरांत ठरून गेलंय. आधी घरातल्या पोरी उजवायच्या. तोवर त्याला आजारी म्हणायचं, परगावी म्हणायचं, नाहीतर काहीच म्हणायचं नाही. का? तर पकडला गेला म्हणजे घाबरला, आणि घाबरटाच्या बहिणीला करून कोण घेणार? हे ठरवणाऱ्यांनी बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण घाबरणं कशाला म्हणतात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. लोक काय म्हणतील, म्हणून रोज उठून घाबरतातच की.

थोरला कुणाशी बोलत नसे. बहिणीशी मात्र कधीकधी बोले, तेही हातात काम असताना, मान वर न करता.

"गोळ्या संपल्या होत्या. मागे फिरा म्हणून हुकूम आला. माझ्या दोस्ताची मांडी फुटली होती गं. तो म्हणत होता, सोड मला. मी म्हटलं, गप पड, भाषण देऊ नकोस. ओढत ओढत नेला. उजाडलं तेव्हा भोवती नुसते बूट दिसले."

"आणि तो?"

"वाटेतच गेला." त्यानं दोरा दातांनी तोडला. "मग ती खोली. बाहेरून कडी काढल्याचा आवाज यायचा. कधी जेवण द्यायला यायचे, कधी मारायला. कडीचा आवाज एकच. दार उघडेपर्यंत कळायचं नाही कशाला आलेत. मी आपला मनात कोट बेतायचो. खांदा, बाही, कॉलर. एखादा बिघडला की पुन्हा पहिल्यापासून."

"कुणाच्या मापाचा?"

"बाबांच्या," तो म्हणाला.

लष्करी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला बजावलं होतं, "औषध मी देते. तुम्ही एकच करा, ह्याला आत ठेवून बाहेरून दार लावू नका. आणि दर आठवड्याला इथं पाठवा." तिथं असे सुटून आलेले गोलात बसत, बोलत, रडत, एकमेकांची टिंगलही करत. तिथं जायला लागल्यापासूनच त्याचा हात स्थिरावला होता. पण एकदा बटणांच्या व्यापाऱ्यानं त्याला दवाखान्याच्या फाटकाशी पाहिलं आणि मास्तरांना विचारलं, "काय हो, पायाचे डॉक्टर तिकडे बसतात होय?" त्या दिवसापासून मास्तरांनी त्याचं तिथं जाणं बंद केलं.

तेवढ्यात आत्यानं स्थळ आणलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं घर. खरं तर मुलगा आधीच दुकानात येऊन गेला होता. एकच पॅन्ट आखूड करायला इतक्या वेळा आला की शेवटी ती घोट्याच्या वर गेली. मुलीनं विचारलं होतं, "आता काय, हाफपँट करायची?" तो कानापर्यंत लाल झाला होता. ती रात्रभर हसत होती, उशीत तोंड खुपसून. तेव्हा स्थळ हे असं होतं. ते हातचं जाऊ नये असं मास्तरांपेक्षा तिलाच वाटत होतं.

"पाहुणे आहेत तोवर थोरल्याला कपड्यांच्या खोलीत बसवा," आत्या म्हणाली. "आणि कडी घाला. मध्येच उठून आला, काही बरळला, म्हणजे?"

"अहो वन्सं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या..." आई बोलू लागली.

"डॉक्टरीणबाई करून घेणारेय का आपल्या पोरीला?"

मास्तर म्हणाले, "मी काय वैरी आहे त्याचा? चहा होईस्तोवर. नंतर आयुष्यभर उघडंच आहे की दार."

आणि थोरला स्वतःच उठला. त्या खोलीत खिडकी नव्हती, तागे आणि गाठोडी रचलेली होती. आत जाऊन तो म्हणाला, "लाव आई कडी. हिचं होऊन जाऊ दे."

आईनं कडी हळू सरकवली. आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी.

पाहुणे आले, ऐसपैस बसले. चहा झाला, मुलाच्या बापाचं बोलणं मात्र संपेना. स्वतःचा धाकटा भाऊ लढाईत गेला होता, त्याचा अभिमान होता त्यांना, आणि असावाच. "गेला, पण पाठ नाही दाखवली," ते म्हणाले. "नाहीतर हल्ली हात वर करून जीव वाचवलेलेही हिंडतात. आम्ही तर अशांच्या घरी पाणीसुद्धा पीत नाही."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

कपड्यांच्या खोलीची भिंत एका विटेची होती. पलीकडे काहीतरी दाणकन पडलं.

"गाठोडं असेल," मास्तर घाईनं म्हणाले. "नीट रचतच नाहीत. तर मग, तारीख कधीची धरू या?"

मुलाची आई प्रसन्न हसली. मुलगा खाली मान घालून बुटाच्या टोकाकडे बघत होता. सगळं जमलं होतं. मुलीनं फक्त तिथं उभं राहायचं होतं.

तिनं ट्रे खाली ठेवला आणि मागं गेली. आत्यानं तिचं मनगट धरलं. "वेडी झालीस? घटकाभर थांब."

"सोड आत्या," ती म्हणाली आणि कडी काढली.

थोरला भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर होता, दोन्ही हात मानेमागे बांधल्यासारखे धरून. पॅन्ट ओली झाली होती. कडीचा आवाज ऐकून त्यानं खांदे आखडले, मार खायची तयारी करावी तसे. बहिणीनं हात लावला तर म्हणाला, "उठतो साहेब. उठतो. मारू नका."

"दादा, मी आहे रे."

"उठतो साहेब."

सगळे दारात जमले होते. मुलगा पाण्याचा पेला घेऊन पुढं आला. बापानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं पेला टेबलावर, खडूच्या रेघेशेजारी ठेवला आणि आईबापांमागून बाहेर गेला. वाईट नव्हता पोरगा. पण बाईच्या जातीनं असल्या चांगुलपणावर संसार मांडू नये, एवढं मी सांगते.

"झालं समाधान?" आत्या कडाडली. "भावाचं भलं झालं नाही आणि तुझंही गेलं!"

"जाऊ दे," मुलगी म्हणाली. "आई, त्याची दुसरी पॅन्ट दे."

मास्तर शिलाई मशिनच्या स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, "आता लगेच नको बाहेर नेऊस. अंधार पडू दे."

"नाही बाबा. उजेडातच नेणार. आणि ह्यापुढं जे कोणी मला बघायला येतील, त्यांच्यासमोर दादा खुर्चीवर बसेल. नाही आले तर काजं करून पोट भरेन."

मास्तरांनी शटर अर्ध्यावर ओढून घेतलं, तशी ती भावाला घेऊन त्याखालून वाकून बाहेर पडली. आई चपला न घालताच मागून निघाली. थोरला भिंतीला खांदा घासत चालत होता. माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर आली. बटणांचा व्यापारी म्हणाला, "काय गं, कुठं निघालात?"

"लष्करी दवाखान्यात," ती गल्लीभर ऐकू जाईल अशी बोलली. "भाऊ कैदेत होता माझा. जखमी दोस्ताला सोडलं नाही म्हणून सापडला. बरा होत आला होता. आम्ही घरच्यांनी बिघडवला."

व्यापाऱ्याला अचानक आत काहीतरी काम आठवलं.

वळणावर कपड्यांना इस्त्री करणारी बाई राहते. तिचा नवरा लढाईनंतर परस्पर परगावी कामाला लागला, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. इस्त्री तशीच उभी करून ती धावत त्यांच्याजवळ आली. आधी मागं वळून आपल्या माडीच्या बंद खिडकीकडे तिनं पाहिलं, मग मुलीच्या अगदी कानाशी लागून विचारलं, "तिथं जाताना काय न्यावं लागतं गं बरोबर?"

"काही नाही काकू," मुलगी म्हणाली. "माणूस तेवढा न्यायचा."