गोदेर आडनावाची माणसं

माझी थोरली नात श्रीदेवी हिचं ठरलेलं लग्न मोडलं, ते साल २०२४. उन्हाळा होता. पोरगी दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसायची. शेजारच्या सिस्टरना ते बघवेना. एके दिवशी त्या सरळ आत आल्या आणि आपला फोन तिच्या मांडीवर टाकला.

"रडून झालं असेल तर हे वाच. इंग्रजी बारीक आहे, मला दिसत नाही."

श्रीदेवीनं डोळे पुसले. "इस्राएलमधून आलंय, सिस्टर. कुणी योनातान गोदेर म्हणून आहे. म्हणतोय, जगात गोदेर आडनावाची एक्केचाळीस माणसं आहेत. कोण कुठल्या गावात राहतं त्याचा नकाशा केलाय. अशदोद तेवीस, लोद नऊ, लंडन पाच, बाकीची इकडंतिकडं. पुस्तक छापणार आहेत."

"माझा बाप आहे का बघ त्यात. दानियल."

श्रीदेवीनं बोट दोनदा वरखाली फिरवलं. "न्हाई. सोलापूरच न्हाई."

"मग मला का पाठवलंय?"

"विचारलंय..." ती अडखळली. "तुम्ही हे आडनाव कधीपासून लावता, आणि कुठून घेतलं, असं विचारलंय."

सिस्टर खुर्चीत बसल्या. त्यांचं नाव सेगुला दानियल गोदेर. चाळीस वर्षं नर्स होत्या, लग्न केलं नाही, तेव्हा अठ्ठ्याहत्तरीच्या होत्या. मी टॉवेलच्या कारखान्यात लूमवर होतो. सेहेचाळिसाव्या वर्षी पाय मोडून दवाखान्यात पडलो, तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत यांनी मला अक्षरं शिकवली. "दीड महिना छताकडं बघून काय करणार, ईरप्पा? क गिरव." त्या एकदा म्हणाल्या की माणसाला ते करावंच लागे.

"कुठून घेतलं म्हणजे?" सिस्टर म्हणाल्या. "चोरलं का काय मी? लिही त्याला. माझ्या आज्यानं ज्यांना नाव दिलं, त्यांत माझा बाप एक."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. सभ्य होतं. त्यांच्या माहितीत थोरल्या गोदेरना एकच मुलगा, तो मुंबईला गेला आणि पुढं त्याची मुलं इस्राएलला. दुसऱ्या मुलाबद्दल कधी कुणाकडून ऐकलेलं नाही. पुरावा असेल तर ऑगस्टअखेर पाठवावा.

"आज्यानं दुसरं लग्न केलं म्हणून थोरला रागावून गेला," सिस्टर म्हणाल्या. "धाकट्या भावाचं नाव त्यानं पोरांना सांगितलंच नसणार. ईरप्पा, उजनी किती आटलीय?"

"लई आटलीय म्हणतात. जुनी देवळं उघडी पडल्यात."

"मग सोमवारी निघायचं. आज्याच्या कबरीचा दगड तिथंच आहे, धरणात बुडालेल्या गावात. माझ्या बापानं बसवला, आणि खाली तसं लिहिलंय. आठ वर्षांची असताना मी बघितलंय."

सोमवारी आम्ही एसटीनं टेंभुर्णीला उतरलो, तिथून वडापची जीप धरली. वाटेत सिस्टरनी आडनावाची हकिगत सांगितली. मूळचे ते कोकणातले ज्यू, आडनाव नागावकर. आज्या ओव्हरसियर होता. एका पावसाळ्यात भीमेकाठच्या या गावचा तलाव फुटायला आला. बांधाला खिंडार पडलं. आज्या तीन दिवस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, गाव घेऊन पोती रचली, खिंडार बुजवलं. पुढं मुंबईला सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हज्जाननं ते ऐकलं. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात खिंडार बुजवणाऱ्याला गोदेर पेरेत्स म्हटलंय. हज्जान म्हणाला, हे नाव तुझं. आज्यानं नागावकर सोडलं आणि गोदेर लावायला सुरुवात केली. पेन्शनीत निघाल्यावर त्याच गावात येऊन राहिला, तिथंच गेला.

"म्हणजे हे नाव तुमच्या घराबाहेर कुणाचंच न्हाई?" मी विचारलं.

"कुणाचंच नाही. म्हणून तर झोंबलं."

पाणी मैलभर मागं हटलं होतं. गाळाला भेगा पडलेल्या, मध्ये जुन्या घरांची जोती, एक रांजण, चिंचेचं वठलेलं खोड. सिस्टर काठी टेकत पुढं, मी मागं. तलावाचा जुना बांध त्यांनी ओळखला. बांधाच्या टोकाला घडीव दगडांचा कट्टा सापडला. पण वर काही नव्हतं. मधोमध रिकामी खाच, त्यात शिंपले.

सिस्टर कट्ट्यावर बसल्या. पाणी मागं गेलं की लोक मोटारीचे पाइप जोडत जोडत त्याच्या मागं जातात. तसाच एक म्हातारा पाइप ओढत आला.

"कंच्या गावचं? हितं काय हुडकताय?"

"हितं एक दगड होता," मी म्हणालो. "ह्या बाईंच्या आज्याचा. गोदेर म्हणून होते."

म्हाताऱ्यानं पाइप खाली ठेवला. "गोदेरबाबा? त्यो वर हाय की, वस्तीत."

"कुठल्या वस्तीत?" सिस्टर उठल्या.

"गोदेरवस्तीत! आवो, धरान आलं तवा समदे देव वर न्हेले. मारुती न्हेला, म्हसोबा न्हेला. मग बाबाला काय पान्यात ठेवायचं व्हय? मीच खांदा दिला. हिंदुराव म्हनत्यात मला."

वर चढावर त्रेचाळीस घरांची वस्ती होती. एसटीच्या फाट्यावर पाटी, शाळेवर पाटी, पाण्याच्या टाकीवर पाटी, सगळीकडं गोदेरवस्ती. सिस्टर प्रत्येक पाटीपाशी थांबत होत्या. मधोमध पत्र्याच्या शेडखाली चौथरा होता. त्यावर शेंदरानं माखलेला पुरुषभर उंचीचा दगड, हार, नारळ, समई. तेल घालणारी बाई हिंदुरावांची थोरली बहीण सारजाबाई.

"बाबाची नात?" सारजाबाई सिस्टरना आपादमस्तक न्याहाळत म्हणाली. "इतकी वर्सं कुटं व्हती गं माय? आमी रोज आंघूळ घालायची आन् तुमी आता उगवायचं?"

"माझा आज्या देव नव्हता," सिस्टर म्हणाल्या. "ओव्हरसियर होता."

"तुमच्यासाटी असंल. माज्या हिरीला पानी त्यानं दिलं."

"आमच्यात दगडाला हात जोडत नाहीत."

"नगा जोडू. नात हाय, गळ्यात पडा!"

बायका हसल्या. कुणी खोबऱ्याचा नैवेद्य पुढं केला. सिस्टरनी तो घेतला नाही, चहा मात्र घेतला. सारजाबाई पुटपुटली, "आज्याचा नैवद नातीला चालत न्हाई! हे बी बघायचं व्हतं."

मग सिस्टरनी कामाची गोष्ट काढली. दगडावर अक्षरं आहेत, ती वाचायची आहेत, शेंदूर काढावा लागेल. पन्नास वर्षांचा थर होता तो.

"बाबाचं आंग खरवडायचं?" हिंदुराव म्हणाले. "लोकं काय म्हनतील?"

"माझ्या बापाचं नाव आहे खाली. ते दिसलं नाही तर माझा बाप कुणाचाच नाही, असं पुस्तकात छापणार आहेत."

सारजाबाईनं पदर खोचला. "मंग बाबालाच इचारू. कौल लावू."

"माझ्या आज्याला विचारायला मला कौल कशाला?"

"तुमाला नसंल लागत. मला लागतुया. उद्या हिरीचं पानी आटलं तर तुमी येनार हाय का भरायला?"

सारजाबाईनं जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या, एक दगडाच्या उजव्या अंगाला चिकटवली, एक डाव्या. उजवी आधी पडली तर होकार. "बाबा, तुजी नात आलीया. तुजं कवच काढू का?" सगळे बघत बसले. सिस्टर पाठ करून रस्त्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. चहा गार होईपर्यंत काही झालं नाही. मग डावी पाकळी सुटून खाली आली.

"न्हाई म्हनतुया," सारजाबाई हळूच म्हणाली. तिलाही बरं वाटलं नसावं.

मला वाटलं, सिस्टर भांडतील. त्यांनी पिशवी उचलली. "पुन्हा कधी लावता?"

"फुडच्या सोमवारी."

"येते."

पुढच्या सोमवारीही डावीच पडली. त्याच्या पुढच्या सोमवारी दोन्ही एकदम पडल्या, त्यावर वस्तीत तासभर वाद झाला. सुंदरम्मा, माझी बायको, मला म्हणाली, "या वयात दोघं दर सोमवारी कुठं जाता, लोकं इचारतेत." मी म्हणालो, "कौल लावायला." ती म्हणाली, "कुनाचा?" मी सांगितलं, सिस्टरच्या आज्याचा. तिनं कपाळाला हात लावला आणि तिसऱ्या माणसाला पुरतील एवढ्या भाकरी बांधून दिल्या.

चौथ्या सोमवारी सिस्टरनी बीपीचं मशीन बरोबर घेतलं. पाकळ्या पडायची वाट बघता बघता चौथऱ्याच्या कडेला बसून त्यांनी बायकांचं बीपी मोजलं. सारजाबाईचं एकशेनव्वद निघालं.

"गोळी घेतेस का?"

"बाबाचा अंगारा लावते की."

"बाबा ओव्हरसियर होता, डॉक्टर नव्हता. ही गोळी रोज सकाळी. चुकवलीस तर बघ."

"लई कडक हाय बया," सारजाबाई हिंदुरावांना म्हणाली. "बाबाचीच नात. जुनी मानसं सांगायची, बाबा असाच वराडायचा."

त्या दिवशीही डावी पडली. पाचव्या सोमवारी पावसानं वडाप बंद होता. सिस्टर फाट्यापासून चिखलातून चालत गेल्या. मी म्हणालो, "सिस्टर, पुस्तकात नाव आलं काय, न आलं काय. तुमचा बाप तुम्हाला ठाऊक हाय."

"मी गेल्यावर कुणाला ठाऊक राहील?" त्या म्हणाल्या. "तुला? तू चौऱ्याहत्तरचा." आणि चालत राहिल्या. त्या दिवशीही कौल नाहीच आला.

सहाव्या सोमवारी आम्ही पोचलो तर सारजाबाई आंघोळ करून तयार होती. शेडखाली गर्दी होती. तिनं पाकळ्या भिजवल्या. उजवी नुसती टेकवली. डावी मात्र अंगठ्यानं दाबली, चांगली घोटून बसवली. मी पाहिलं. हिंदुरावांनी पाहिलं आणि छपराकडं बघायला लागले. सिस्टर त्या दिवशी प्रथमच पाठ न करता उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं.

"बाबा, आता न्हाई म्हनू नगंस. तुजी नात चिखलातनं आली हुती."

उजवी पाकळी तिचं बोलणं संपायच्या आत पडली.

"दिला!" हिंदुराव ओरडले. "बाबानं कौल दिला!"

नारळ फुटला. बायकांनी कोमट पाणी आणलं. सारजाबाईनं कडेला हात घातला, दगडाला मिठी मारल्यासारखा, आणि शेंदराची खपली हाताएवढी निघून आली. आतून दुसरी, तिच्या आत तिसरी. सिस्टर नारळाच्या काथ्यानं घासत होत्या. चार वाजेपर्यंत खालचा काळा दगड दिसला. वर त्यांच्या धर्माची अक्षरं, मध्ये इंग्रजी, खाली मराठी. शेवटची ओळ चौथऱ्याच्या सिमेंटला टेकली होती. सिस्टरना चष्म्यातूनही दिसेना.

"ईरप्पा, वाच."

मी गुडघे टेकले. एकेक अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. "हा दगड धाकटा पुत्र दानियल गोदेर याने आपल्या पित्याकरिता बसविला. सन एकोणीसशे एकोणचाळीस."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. सिस्टरनी खाली वाकून त्या ओळीवर तळहात ठेवला. बराच वेळ तो तिथंच होता. सारजाबाईनं त्यांच्या खांद्यावर पदर घातला, कारण पावसाचे थेंब पत्र्यातून गळत होते.

श्रीदेवीनं फोटो पाठवले. आठ दिवसांनी योनातानचा फोन आला. तो बराच वेळ माफी मागत होता. दानियलचं नाव घालतो म्हणाला, तुमचंही घालतो, नकाशात सोलापूर जिल्ह्यासमोर एक आकडा येईल.

"एक कसा?" सिस्टर श्रीदेवीला म्हणाल्या. "सांग त्याला. गोदेरवस्ती, घरं त्रेचाळीस."

श्रीदेवीनं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं की ते आपल्या कुटुंबातले लोक नाहीत, त्यांची आडनावं वेगळी आहेत.

"आहेत की वेगळी. पण जगात या नावाची पाटी एकाच गावावर आहे, आणि आज्याला पाण्यातनं खांद्यावर त्यांनी नेलं. इस्राएलवाल्यांतलं कोण आलं होतं?" सिस्टर थांबल्या. "हे शेवटचं नको सांगू. नुसतं म्हण, ओळ घाला, नाहीतर माझं नाव काढा."

श्रीदेवीनं नको म्हटलेलं तेही जसंच्या तसं सांगितलं. पलीकडं योनातान हसला आणि वस्तीचं नाव कसं लिहायचं ते विचारू लागला.

सारजाबाईनं दगडाला पुन्हा शेंदूर लावला, पण अक्षरं सोडून, वरच्या टोकाला बोटभर. सिस्टरनी तो चालवून घेतला. हिवाळाभर त्या दर सोमवारी बीपी मोजायला जात राहिल्या. जानेवारीत दम लागायला लागला, तेव्हा वस्तीतल्या बायकाच टेंपो करून इकडं तपासून घ्यायला आल्या आणि आमच्या गल्लीत रांग लागली.

सिस्टरच्या मातीला पुण्याहून सहा माणसं आली. प्रार्थनेला त्यांच्यात दहा पुरुष लागतात. वस्तीतले अकरा जण आले होते, मी होतो, पण आमची गणती होत नाही, असं त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यानं नम्रपणे सांगितलं. मग त्यांनी नुसती स्तोत्रं म्हटली. आम्ही अकरा आणि एक असे टोप्या घालून मागं उभे राहिलो, आणि माती लोटायला सर्वांना फावडं मिळालं.

पुस्तक एप्रिलमध्ये टपालानं आलं, नकाशात गोदेरवस्ती, घरं त्रेचाळीस अशी ओळ होती. सेगुला दानियल गोदेर गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी सोलापुरात आपल्या घरी वारल्या.