धोका नाही, बाबा बोलतायत

मला त्या मशीनचा इतका वीट आलाय की विचारू नका. पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबांची जीभ वळत नाही, म्हणून हा बोलका संगणक आणला. बाबा एका बोटाने टाइप करतात आणि पडद्यावर जे येईल ते आतली बाई खणखणीत आवाजात वाचते. पण सुखासुखी काही होईल तर शपथ! बाबा "चहा" लिहायला घेतात आणि बाई ओरडते, "सावधान! आपला संगणक धोक्यात आहे." पाठ खाजव म्हणायला जावं, तर "पासवर्ड बदला." अहो, घरात आम्ही बापलेक दोघं. चोर येऊन नेणार काय, बाबांची खाज?

दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला. "ताई, तुमच्याच सुरक्षेसाठी आहे ते. बंद नाही होत." म्हटलं, बाबा रे, भीक नको पण कुत्रं आवर. तो हसला आणि गेला.

त्यात आणखी एक गंमत. प्रत्येक शब्द संपला की बाबा कीबोर्डची खालची लांब पट्टी दाबतात. नेमकी तेव्हा सूचना टपकली की मशीनच्या लेखी त्याचा अर्थ "होय". मग बसा निस्तरत.

काल दुपारी मोठ्या काकांचा फोन आला. आज त्यांचं हृदयाचं ऑपरेशन. दोघा भावांचं शिलाईचं दुकान होतं. ते मोडलं तेव्हा बाबा त्यांना म्हणाले होते, "तू माझा कोणी नाहीस." त्यानंतर जो अबोला धरला तो धरलाच. बाबांना तेवढे शब्द परत घ्यायचे होते. फोन येणार हे ठाऊक होतं, म्हणून सकाळपासून दाढी करून बसले होते.

बाबा आता मशीनमधून बोलतात हे काकांना सांगून मी फोन मशीनजवळ धरला.

"बोल रे," काका म्हणाले. आवाज पार खोल गेला होता.

बाबांनी "दादा" लिहिलं, पट्टी दाबली. बाई म्हणाली, "दादा." बाबांनी "मी" लिहिलं आणि पुन्हा पट्टी दाबली.

"सावधान. समोरच्याची ओळख पटलेली नाही. संपर्क तोडायचा? होय. संपर्क तोडला आहे."

फोन काही तुटला नव्हता, काकांनी सगळं ऐकलं.

"अजून तसाच आहेस तर," काका म्हणाले.

"काका, ते मशीन बोललं हो! बाबा नाही!"

"असू दे गं पोरी. दमलोय मी."

फोन ठेवला त्यांनी. मी मेल्या मशीनची वायर भिंतीतून उपटली आणि परत नंबर लावला. वाजत राहिला. तिसऱ्यांदा काकूंनी उचलला. "काकू, पाया पडते, काकांच्या कानाला लावा," मी म्हटलं. त्यांनी लावला असावा, कारण पलीकडून धापा ऐकू यायला लागल्या.

बाबांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. आजारपणानंतर त्यांनी कुणासमोर तोंडातून आवाज काढला नव्हता. माझ्यासमोरसुद्धा नाही. लाज वाटायची त्यांना. त्यांनी तोंड वाकडं केलं, मानेच्या शिरा तटतटल्या, हनुवटीवरून लाळ गळली.

"द्दा... आ... द्दा."

मी नुसती त्यांची पाठ धरून उभी राहिले.



"हां," काका म्हणाले. "कळलं. पुन्हा म्हण."