दोन स्पीकरांचा डबा

आंबागडच्या मंडईसाठी, दिवाळीनंतरच्या गावजत्रेसाठी, स्टेज उभे राहिले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ऑर्केस्ट्राचे मालक हिरालालभाऊ यांनी हर्षाला कडेला बोलावले आणि बेस गिटारवरची तिची दोन वर्षे एका दमात निकाली काढली.

"आज बेस कमलेश वाजवेल, कीबोर्डवर, डाव्या हातानं. तू कोरसमधी उभी राह्य."

"काहून?"

"मागच्या दोन प्रोग्रामले तुही गिटार कोनाले ऐकूच आली नाही. नुसती टकटक. बोटात जोर नाही पोरी, लपवाचं काय त्याच्यात?"

टकटक हर्षालाही ऐकू येत होती. जाड तारेचा छातीत घुमणारा आवाज गायब होता आणि बोटांचा खडखडाट तेवढा उरला होता. पण बोटे तीच होती, गिटारही तीच. पंधरा दिवसांपूर्वी गिटारच्या आवाजासाठीच्या दोन स्पीकरांच्या डब्यातला एक फाटलेला स्पीकर बदलला होता, बाकी काही नाही.

"गाणे सातले सुरू होते," ती म्हणाली. "तवापर्यंत डबा माह्या ताब्यात. कोरसचं मंग बोलू."

डब्यावर कैलाश चहा पीत बसला होता. तुमसरच्या एका राईस मिलचा तो वायरमन. ऑर्केस्ट्राची लाइट सांभाळायचा, आणि नवा स्पीकरही त्यानेच बसवला होता.

"उठा भाऊ, डबा खोलाचा हाये."

"मी जोडला तो. पंचवीस वर्सं मिलमधी वायरिंग केली. आता तू मले शिकवशीन?"

"शिकवत नाही. तपासून राहिली."

तिने आधी केबल बदलली. टकटक कायम. मग ॲम्पला हेडफोन लावून तार छेडली. कानात आवाज भरदार आला. म्हणजे गिटार ठीक, केबल ठीक, ॲम्प ठीक. दोष डब्यातच. तिने स्विच बंद केला, मागची फळी काढली आणि नव्या स्पीकरची एक वायर सोडवली. पुन्हा चालू करून जाड तार छेडली, तशी स्टेजची फळी पायाखाली थरथरली.

हिरालालभाऊ वळले. "एक स्पीकर बंद केला अन् आवाज वाढला?"

वायर परत लावून हर्षाने डबा ॲम्पपासून वेगळा केला आणि गिटारच्या पेडलमधली चौकोनी बॅटरी डब्याच्या वायरींना क्षणभर टेकवली. जुन्या स्पीकरचा काळा पडदा बाहेर उसळला. नव्याचा आत गेला.

"पाहा. एक हवा ढकलते, दुसरा तेच हवा वापस ओढते. जाड आवाज मधातच मरते."

कैलाश वाकून बघू लागला. "दोन्ही वायरा काळ्याच होत्या. होल्डरले कोनतीबी लावा, बत्ती जळतेच ना."

"बत्ती जळते. मिलच्या मोठ्या मोटरच्या दोन वायरा अदलाबदल झाल्या तं काय होते?"

कैलाशने कप खाली ठेवला. "उलटी फिरते."

"मंग एलिव्हेटर धान वर नेते?"

"कायचं नेते! धान खालीच पडून राह्यते," हिरालालभाऊ हसले.

"दे इकडं, मी पलटवतो," कैलाश म्हणाला.

"राहू द्या. मले येते."

तिने नव्या स्पीकरच्या वायरी उलट करून कथलाचा डाख दिला आणि फळी बसवली. पहिल्याच सुराला मैदानातला भज्यांचा ठेलेवाला मान वर करून बघू लागला.

हिरालालभाऊंनी घसा साफ केला. "ठीक हाये. पहिले दोन गाणे कमलेश घेईन, पब्लिक जमली का तू ये."

"पहिल्यापासून मी."

"जिद कायले करते? दोन गाण्यानं काय होते?"

"काही होत नसन, तं मले द्याले काय जाते?"

कीबोर्डमागून कमलेश म्हणाला, "भाऊ, घेऊ द्या तिले. माह्या डाव्या हाताले कॉर्डचंच काम पुरते."

"बरं. पन आवाज थोडा कमी ठेवजो."

"ठेवीन. पन मले काढाचं असन तं पहिले डबा तपासा, मंग मले सांगा."

हिरालालभाऊ माइककडे गेले. सात वाजता पहिले गाणे सुरू झाले, तेव्हा हर्षाने आवाजाचे बटण होते तिथून हलवले नाही.